सगळ्यांनी मिळून नीट निर्णय कसा घ्यायचा? मीटिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात फ्लॅट स्कीमच्या मीटिंगा, बचत गट, गणेश मंडळं, छोटी ऑफिसं, काटोल-नरखेडकडचे शेतकरी गट अशा ठिकाणी मी मीटिंग चालवायला मदत करते. सगळीकडे लोक तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवून राहिली आहे. वरून खाली वाचायची गरज नाही, तुमचा प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा. "एकच गोष्ट करायची असेल तर कोणती करू?" याचं चिठ्ठ्यांवालं उत्तर मात्र सगळ्यांनी वाचा, ही विनंती.

आम्ही तर वर्षानुवर्षं बसून, बोलून, चहा पिऊन ठरवतो, त्यात काय बिघडलं?

बोलण्यात काही वाईट नाही, घोटाळा होतो तो पहिल्या वाक्यात. अध्यक्ष विचारतात "बोला, पाण्याचं काय करायचं", दोन सेकंद सगळे गप्प, मग ज्यांना बोलायची सवय आहे ते काकाजी म्हणतात "मला तर वाटते बोअर अजून खोल करून घ्यावी" आणि झालं, पुढचा अर्धा तास सगळे बोअर किती फूट, कोणाकडून, किती पैसे यावरच बोलून राहिले असतात. टाकीचा बॉलकॉक खराब आहे आणि रात्रभर पाणी वाहून जाते हे दुसऱ्या माळ्यावरच्या काकूंना माहीत असते पण त्या बोलत नाहीत, कारण विषय आता बोअरचा आहे ना.

काकू भित्र्या आहेत म्हणून असं होत नाही, माणसाचा स्वभावच तसा आहे. सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1951 मध्ये एक प्रयोग केला, तीन रेघांपैकी कोणती रेघ नमुन्याच्या रेघेएवढी आहे एवढंच सांगायचं होतं, लहान पोरालाही दिसेल असं उत्तर, पण खोलीतली बाकीची माणसं आधीच पढवलेली होती आणि ती मुद्दाम चुकीचं सांगत होती. खरी परीक्षा ज्याची होती त्याचा नंबर जवळपास शेवटी. चारातल्या जवळपास तिघांनी एकदा तरी डोळ्यांना दिसत असलेलं सोडून बाकीच्यांच्या सुरात सूर मिळवला. तिथे तर कोणी कोणाच्या धाकातही नव्हतं, आपल्याकडे समोर सासरे बसलेले असतात, घरमालक असतात, बॉस असतात.

दुसरी गोष्ट 1985 मध्ये स्टॅसर आणि टायटस या दोघांनी दाखवली: गटात लोक बहुतेक वेळ तेच बोलतात जे सगळ्यांना आधीच माहीत आहे, आणि जे एकाच माणसाला माहीत आहे ते बाहेर येतच नाही. म्हणजे काकूंचा बॉलकॉक.

आमच्याकडे सगळं एकमताने होते, कधी भांडण नाही, मग तर चांगलंच ना?

असेलही. पण मीटिंग संपल्यावर पार्किंगमध्ये काय बोलणं होते ते ऐका. तिथे "मला तर आधीच वाटत होतं" सुरू होत असेल तर ते एकमत खरं नव्हतं.

इरविंग जॅनिस या मानसशास्त्रज्ञाने 1972 मध्ये अशा खोट्या एकमतावर बरंच लिहिलं. त्यांचं मोठं उदाहरण म्हणजे एप्रिल 1961 मध्ये क्युबातल्या बे ऑफ पिग्जवर झालेला हल्ला. तो ठरवणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या भोवती एकाहून एक हुशार माणसं होती, काहींच्या मनात शंका होत्या, पण खोलीतलं वातावरण असं की शंका काढणारा एकटा पडणार, आणि ती मोहीम तीन दिवसात आपटली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1962 मध्ये, क्युबातल्या रशियन क्षेपणास्त्रांच्या पेचप्रसंगात जवळपास तीच माणसं होती पण चर्चेची पद्धत बदलली होती. केनेडी काही बैठकांमधून मुद्दाम बाहेर राहिले, लोकांचे छोटे गट पाडले, भावाला सांगितलं की प्रत्येक प्रस्तावातली भोकं शोध. तेरा दिवसांनी जग अणुयुद्धापासून वाचलं. माणसं तीच होती ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण आपण नेहमी म्हणतो "आमच्या कमिटीतली माणसंच तशी आहेत", आणि विषय तिथेच संपवतो.

जेरी हार्वी यांनी 1974 मध्ये सांगितलेली टेक्सासची गोष्ट तर नागपूरकराला लगेच पटेल. चाळीस डिग्रीच्या उन्हात, एसी नसलेल्या गाडीत, घरचे चौघं जण पन्नास मैलांवरच्या ॲबिलीनला जेवायला जाऊन येतात. जेवण बेकार, अंगावर धूळ, आणि परत आल्यावर कळते की चौघांपैकी एकालाही जायचं नव्हतं, प्रत्येकाला वाटलं बाकीच्यांना जायचं आहे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता रामटेकला निघालेल्या गाड्या पाहिल्या की मला हीच गोष्ट आठवते.

एकच गोष्ट करायची असेल तर कोणती करू?

बोलायच्या आधी लिहा. चर्चा सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं, प्रत्येकाने एकट्याने, गुपचूप, स्वतःच्या चिठ्ठीवर. बाकी सगळ्या पद्धती या एका गोष्टीच्याच वेगवेगळ्या तऱ्हा आहेत असं माझं ठाम मत आहे.

याची पक्की पद्धत डेलबेक आणि व्हॅन डी व्हेन यांनी 1970 च्या आसपास बसवली, नॉमिनल ग्रुप टेक्निक म्हणतात तिला, आणि ती अशी चालते. प्रश्न एका वाक्यात फळ्यावर लिहा, पण असा लिहा की उत्तर त्यातच लपलेलं नसेल, म्हणजे "बोअर खोल करायची का" असं नाही तर "पुढच्या उन्हाळ्यात पाणी पुरायला काय काय करता येईल". मग सगळे लिहितात, कोणी कोणाशी बोलत नाही, मोबाईल खिशात. मग एक चक्कर, प्रत्येकाने आपल्या चिठ्ठीतला एकच मुद्दा सांगायचा आणि एक जण तो जसाच्या तसा फळ्यावर लिहितो, त्यावर हो नाही काही नाही, मान हलवायची नाही, "अरे ते मागच्या वर्षी केलं होतं" म्हणायचं नाही. चक्करमागून चक्कर, मुद्दे संपेपर्यंत. मग फक्त समजून घ्यायचे प्रश्न, याचा अर्थ काय, त्याला खर्च किती, एवढंच. आणि शेवटी प्रत्येक जण आपल्या पसंतीचे पाच मुद्दे चिठ्ठीवर क्रमाने लिहितो, पहिल्याला पाच मार्क, शेवटच्याला एक, बेरीज करा.

एका वेळी एकच मुद्दा हा नियम मोडू देऊ नका. ज्याच्याकडे दहा मुद्दे आहेत तो एकदम सगळे सांगून टाकतो आणि ज्याच्याकडे एकच आहे त्याला वाटते आपण काय सांगावं, आणि बऱ्याच वेळा कामाचा तोच एक असतो.

"पण ब्रेनस्टॉर्मिंगमध्ये तर सगळे एकदम बोलतात", असं ऑफिसवाले हमखास म्हणतात. ब्रेनस्टॉर्मिंग ॲलेक्स ऑसबॉर्न या जाहिरातवाल्या माणसाने 1940-50 च्या दशकात गाजवलं. पण 1958 मध्येच येल विद्यापीठात तपासून झालं, चार जण एकत्र बसून जेवढ्या कल्पना काढतात त्यापेक्षा तेवढेच चार जण वेगवेगळे बसून, नंतर चिठ्ठ्या एकत्र केल्या तर जास्त निघतात, आणि चांगल्याही जास्त. एक बोलत असला की बाकीचे थांबतात, आणि थांबता थांबता स्वतःचं विसरतात.

चिठ्ठीवर नाव लिहायचं का? अक्षर तर ओळखू येते.

नाव नको. अक्षर ओळखू येत असेल तर चिठ्ठ्या बाहेरच्या कोणाकडून वाचून घ्या, सोसायटीत एखाद्याच्या घरी आलेला पाहुणाही चालतो. बचत गटात ज्या बायांना लिहिणं जमत नाही तिथे मी पर्यायांची चित्रं काढलेले डबे ठेवते, दाराआड, आणि प्रत्येकीला पाच चिंचोके, ज्या डब्यात जेवढे टाकायचे तेवढे टाका. बाया फार मन लावून टाकतात.

सहा टोप्यांची पद्धत म्हणजे नेमकं काय?

एडवर्ड डी बोनो यांनी 1985 मध्ये मांडलेली पद्धत आहे. त्यातली मुख्य गोष्ट रंग नाहीत, मुख्य गोष्ट ही की एका वेळी सगळे जण एकाच बाजूने विचार करतात. नेहमी काय होते, एक फायदे सांगतो, दुसरा लगेच तोटे सांगतो, तिसरा म्हणतो मला तर पटतच नाही, आणि मीटिंग म्हणजे कोर्ट होऊन जाते. इथे फायद्याच्या वेळी विरोध करणाऱ्यानेही फायदेच शोधायचे, आणि तोट्याच्या वेळी ज्याने प्रस्ताव आणला त्यानेही तोटे सांगायचे.

मनीष नगरकडच्या एका फ्लॅट स्कीममध्ये गच्चीवर सोलर लावायचा विषय होता, तो कसा चालला ते सांगते म्हणजे कळेल.

निळी टोपी म्हणजे मीटिंग चालवणारा, कोणती टोपी किती वेळ ते तो ठरवतो. ते काम सोलरबद्दल ज्याचं काही मत नव्हतं अशा एका भाडेकरू मुलाला दिलं, आणि त्याने मोबाईलवर टायमर लावून छान केलं.

पांढरी टोपी म्हणजे फक्त माहिती. लिफ्ट, मोटर आणि जिन्यातले लाइट यांचं वर्षभराचं महावितरणचं बिल काढलं. साधारण एक किलोवॅटला शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि दिवसाला चारेक युनिट वीज मिळते, म्हणून दोन पोरं टेप घेऊन गच्ची मोजून आली. पाण्याच्या टाकीची सावली चारनंतर कुठपर्यंत येते हेही पाहिलं. "मला वाटते" ने सुरू होणारं वाक्य या टोपीत चालत नाही.

लाल टोपी म्हणजे मनात जे आहे ते, कारण न देता, प्रत्येकाने एकच वाक्य. मला ही टोपी सगळ्यात कामाची वाटते. इथेच तिसऱ्या माळ्यावरच्या आजी म्हणाल्या, "मग मी उन्हाळ्यात कुरडया कुठं घालू?" एरवी भर मीटिंगमध्ये, इंजिनिअर लोक किलोवॅट बोलून राहिले असताना, आजी हे बोलल्या असत्या का? आणि त्या बोलल्यावर आणखी चार बाया म्हणाल्या, हो, आमचं पण तेच. म्हणजे विरोध सोलरला नव्हताच, विरोध गच्ची जाण्याला होता, आणि हे दोन मीटिंगांपासून कोणाला कळलं नव्हतं, सगळे समजत होते की बायांना खर्च नको आहे.

पिवळी टोपी फायद्यांची, ती पटकन झाली. काळी टोपी तोट्यांची. तिच्यात निघालं की फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे गारपीट होते तेव्हा पॅनल फुटले तर भरपाई कोण देणार, उन्हाळ्यात धूळ बसते तर धुवायचं कोणी आणि कोणत्या पाण्याने, आणि पॅनलची वॉरंटी पंचवीस वर्षं असली तरी इन्व्हर्टरची त्यापेक्षा बरीच कमी असते तर तो बदलायचे पैसे आत्तापासून बाजूला काढायचे का. हिरवी टोपी म्हणजे नवीन वाटा. तिच्यात कोणीतरी म्हटलं की पॅनल जमिनीलगत न लावता उंच लोखंडी स्ट्रक्चरवर लावू, माणूस खालून उभा चालेल एवढं, मग एका बाजूला सावली मिळते आणि दुसऱ्या बाजूला वाळवणाला उन्हाची जागा सोडता येते. खर्च वाढला. पण प्रस्ताव पास झाला, आणि आजींनी पण हात वर केला.

टोप्यांचा क्रम असाच पाहिजे असं काही नाही. भांडण आधीच पेटलेलं असेल तर लाल टोपी सगळ्यात आधी घ्या, म्हणजे वाफ निघून जाते.

टोप्या खरंच आणाव्या लागतात का?

नाही. रंगीत कागद पुरतो, किंवा फळ्यावर वर लिहा "आता फक्त तोटे". काही ठिकाणी लोकांना टोपी घालणं पोरखेळ वाटतो, तिथे रंगांचं नावही काढू नका.

एक माणूस प्रत्येक गोष्टीला नाहीच म्हणतो, त्याचं काय करायचं?

आधी हे बघा की तो चूक आहे का. पहिल्या उत्तरात सांगितलेल्या ॲशच्या रेघांच्या प्रयोगात पढवलेल्या लोकांपैकी एकाने जरी खरं उत्तर दिलं तरी परीक्षा देणाऱ्याला बळ यायचं आणि लोकांच्या मागे जाणं एकदम कमी व्हायचं. म्हणजे तुमचा नाही म्हणणारा भाऊ गप्प बसलेल्या चौघांना तोंड उघडायची हिंमत देऊन राहिला असेल.

कॅथलिक चर्चमध्ये तर हे पदच होतं. कोणाला संत ठरवायचं असेल तर त्याच्या विरोधात बाजू मांडायला एक माणूस नेमायचे, 1587 पासून ते पद होतं आणि 1983 मध्ये त्याचे अधिकार बरेच कमी केले गेले. तुम्हीही दर मीटिंगला एकाला हे काम द्या पण माणूस बदलत राहा, नाहीतर त्याच्यावर शिक्का बसतो. शार्लन नेमेथ या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या अभ्यासात मात्र असं दिसलं की नाटक म्हणून केलेल्या विरोधापेक्षा मनापासून असलेल्या विरोधाने गट जास्त चांगला विचार करतो. म्हणून खरा विरोधक असेल तर त्याला सांभाळा, त्याला काळ्या, म्हणजे तोट्यांच्या टोपीत भरपूर वेळ द्या, आणि बाकी टोप्यांमध्ये त्यालाही नियम लागू.

प्री-मॉर्टम काय असते? नावच अभद्र वाटते.

नाव बदला, "आधीच विचार" म्हणा, काही फरक पडत नाही. गॅरी क्लाइन यांची ही पद्धत आहे, 2007 पासून जास्त माहीत झाली. निर्णय जवळपास ठरला की थांबायचं आणि सगळ्यांना सांगायचं: समजा एक वर्ष झालं आहे, आणि आपलं काम पूर्ण फसलं आहे, फसेल असं नाही तर फसलंच आहे. आता पाच मिनिटात लिहा, काहून फसलं?

"काय चुकू शकते" विचारलं तर लोक सांभाळून बोलतात, कारण ते प्रस्ताव आणणाऱ्याला लागते. "फसलं, काहून फसलं" विचारलं की कारणं शोधणं हुशारीचं काम होऊन जाते आणि तोंडं मोकळी होतात.

काटोलकडच्या एका शेतकरी गटाने आंबिया बहाराची संत्री कळमन्याच्या बाजारात न देता थेट पुण्याच्या सोसायट्यांमध्ये विकायचं ठरवलं होतं. चिठ्ठ्यांमध्ये निघालं: ट्रक एक दिवस अडकला आणि खालचे क्रेट दबले. सगळ्यांचा माल एकाच आठवड्यात तयार झाला. पुण्यात पैसे जमा करणाऱ्या पोराची परीक्षा होती. इकडे भाव अचानक चढला आणि अर्ध्या लोकांनी गटाला माल दिलाच नाही. ही शेवटची गोष्ट तोंडावर कोणी कोणाला बोललं नसतं, "तू पलटशील" असं कसं म्हणणार भाऊबंदकीत, पण ती तीन वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर होती! मग त्यांनी ठरवलं की प्रत्येकाने फक्त अर्धाच माल गटाला द्यायचं वचन द्यायचं, उरलेला ज्याचा त्याने कुठेही विकावा. निर्णय तोच राहिला पण टिकेल असा झाला.

आणि अभद्र बोलण्याबद्दल म्हणाल तर एका गटात म्हाताऱ्या काकाजींनी हाच आक्षेप घेतला होता. त्यांना म्हटलं, पेरणीच्या आधी पाऊस लांबला तर काय याचा विचार तुम्ही करताच ना. ते म्हणाले दरवर्षी करतो. मग त्यांनीच पहिली चिठ्ठी लिहिली.

घरच्या निर्णयात हे चालते का? मोठ्यांसमोर कसं बोलायचं?

चालते, पण टोप्या वगैरे काढू नका, घरात ते वरवरचं वाटेल. घरात दोनच गोष्टी करा. एक, सगळ्यात मोठ्यांनी सगळ्यात शेवटी बोलायचं. हे मोठ्यांनाच एकांतात जाऊन सांगा, "बाबा, तुम्ही आधी बोलले की आम्ही कोणी बोलत नाही, म्हणून तुम्ही शेवटी बोला." मानाने सांगितलं तर बहुतेक बाबा ऐकतात, शेवटचा शब्द आपला आहे म्हटल्यावर त्यांनाही बरं वाटते. दोन, जो समोर नाही त्याचं मत आधी वाचायचं. महाल भागातलं जुनं घर विकायचं का, बिल्डरला द्यायचं का, असा विषय असला की दोन भाऊ समोर बसतात आणि बहीण पुण्याहून फोनवर, आवाज तुटून राहिला, शेवटी "तिला नंतर सांगू" होते. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा बरोबरीचा हक्क आहे, तिला विचारणं म्हणजे तिच्यावर उपकार नाही. तिचं म्हणणं आदल्या दिवशी लिहून मागवा आणि सगळ्यात आधी मोठ्याने वाचा.

सुनांचं पण तसंच. घर बदललं तर स्वयंपाकघर कोण चालवणार हे ज्यांना माहीत आहे त्याच चहा करायला आत असतात. चहा आधी होऊ द्या, मग बसा.

हे सगळं परदेशी आहे, आपल्या लोकांत चालणार नाही.

हे मला सगळ्यात जास्त ऐकावं लागते, आणि नागपुरात ऐकावं लागते याचं वाईट वाटते.

25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं की भारताला सभेचे नियम माहीत नव्हते असं नाही, बौद्ध भिक्खू संघात बसायची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, कोरम, मतांची मोजणी, गुप्त मतदान, निषेधाचा ठराव, हे सगळे नियम होते. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, ते तपशिलाने आहेत. महत्त्वाचा विषय असला तर प्रस्ताव एकदा मांडायचा आणि मग तीन वेळा विचारायचं, ज्याला मान्य आहे त्याने गप्प राहावं, ज्याला नाही त्याने बोलावं. तीन वेळा! म्हणजे घाबरणाऱ्याला तीन संधी. मतभेद मिटला नाही तर शलाका, म्हणजे काड्या, वाटून मत घ्यायचे, त्यातही गुप्त, कानात सांगून आणि उघड असे तीन प्रकार. अडीच हजार वर्षांपूर्वीची पद्धत आहे आणि आपण दीक्षाभूमीच्या शहरात बसून म्हणतो की हे बाहेरचं.

इकडे गडचिरोलीत धानोरा तालुक्यातलं मेंढा लेखा घ्या. गोंड लोकांचं छोटं गाव, "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा. 2009 मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते आहे. तिथे ग्रामसभेत बहुमताने नाही, सर्वसहमतीने ठरते. पण त्यांची खरी ताकद मला अभ्यास गटात दिसते. विषय समजून घ्यायला अभ्यास गट बसतो, तिथे बाहेरचे जाणकारही येतात, भरपूर चर्चा होते, पण निर्णय तिथे होत नाही, निर्णय ग्रामसभेत. समजून घ्यायची बैठक वेगळी आणि ठरवायची बैठक वेगळी. आपल्या शहरातल्या सोसायट्या एकाच रात्री, साडेआठ ते दहा, दोन्ही करायला बघतात आणि दहा वाजले की कंटाळून हात वर करतात.

मतदान घ्यायचं की एकमत होईपर्यंत थांबायचं?

दोन्ही चालते, पण हात वर करून बहुमत घ्यायच्या आधी हे एकदा बघा. नऊ कुटुंबांना सहलीला जायचं आहे. चौघांना पचमढी पहिली, मग चिखलदरा, ताडोबा शेवटी. तिघांना ताडोबा पहिलं, मग चिखलदरा, पचमढी शेवटी. दोघांना चिखलदरा पहिलं, मग ताडोबा, पचमढी शेवटी. हात वर केले तर पचमढी जिंकते, चार मतांनी. पण नऊपैकी पाच घरांची ती सगळ्यात नावडती जागा आहे! आता पहिल्या पसंतीला दोन मार्क, दुसरीला एक, तिसरीला शून्य द्या, तर पचमढी आठ, ताडोबा आठ आणि चिखलदरा अकरा. समोरासमोर लावलं तरी चिखलदरा दोघांनाही हरवते. मतं तीच, मोजायची पद्धत बदलली की उत्तर बदललं. फ्रान्समध्ये बोर्दा आणि काँदोर्से यांनी अठराव्या शतकातच यावर डोकं लावलं होतं.

म्हणून पर्याय दोनापेक्षा जास्त असले की पसंतीक्रम लिहून घ्या. आणि कसं मोजायचं ते मतं पडायच्या आधी ठरवा, नंतर ठरवलं तर हरणाऱ्याला कधीच पटणार नाही.

मार्कांचं टेबल करायचं का?

पेंटर, लिफ्टचं मेंटेनन्स, कॅटरर, असं कोटेशन मागवायचं असेल तर नक्की करा. एकच काळजी घ्या, कोणत्या गोष्टीला किती वजन हे कोटेशनची पाकिटं उघडायच्या आधी लिहून सही करा, नाहीतर ओळखीचा कॉन्ट्रॅक्टर पुढे यावा म्हणून वजनं सरकतात. बेंजामिन फ्रँकलिन 1772 मध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रात सांगतात की ते कागदाचे दोन भाग करून बाजूने आणि विरोधात अशी कारणं लिहितात, आणि तीन-चार दिवस भर घालत राहतात. ते तीन-चार दिवस महत्त्वाचे, एका बैठकीत सगळं आठवत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवर करून टाकलं तर?

माहिती पाठवायला ग्रुप चांगला, ठरवायला वाईट. पोलमध्ये कोणी काय टाकलं ते सहसा सगळ्यांना दिसते, पहिले चार अंगठे आले की बाकीचे त्याच बाजूला जातात, म्हणजे रेघांच्या प्रयोगातली ॲशची खोलीच झाली ती. त्याऐवजी गुगल फॉर्म करा, नाव न विचारता. एकत्र येणं जमतच नसेल तर डेल्फी पद्धत बघा, अमेरिकेतल्या रँड संस्थेत 1950 च्या दशकात निघाली. सगळ्यांनी निनावी उत्तर कारणासकट पाठवायचं, एकाने सगळ्यांची उत्तरं आणि कारणं एकत्र करून परत पाठवायची, मग सगळ्यांनी पुन्हा उत्तर द्यायचं, हवं तर बदलून. दोन-तीन फेऱ्यांत मतं बऱ्यापैकी जवळ येतात. अमेरिकेत शिकणाऱ्या पोरांना, पुण्यातल्या मालकांना सामील करायला उत्तम.

वेळ किती जातो?

चिठ्ठ्यांची पूर्ण पद्धत, दहा-बारा लोक, दीड तास. टोप्या, तासभर. प्री-मॉर्टम, वीस-पंचवीस मिनिटं. पंचवीसच्या वर लोक असतील तर छोटे गट करा.

कधी वापरू नये?

पाइप फुटला असेल तेव्हा, जो जवळ आहे त्याने कॉक बंद करावा. क्षुल्लक गोष्टीला नाही, गेटचा रंग सेक्रेटरीने ठरवावा. बिल्डिंगचा कॉलम धोकादायक आहे का हे मत घेऊन ठरत नाही, त्याला स्ट्रक्चरल ऑडिटच लागते, आणि कायद्याने जिथे ठराविक बहुमत, कोरम, नोटीस सांगितली आहे तिथे ते सगळं वेगळं पाळावंच लागते.

आणि निर्णय आधीच होऊन गेला असेल तर कृपा करून चिठ्ठ्या वाटू नका. ॲडव्हान्स देऊन झाला आणि मग लोकांना विचारलं, तर लोकांना कळते, आणि पुढच्या वेळी चिठ्ठ्या कोऱ्या येतात. तिथे सरळ सांगा की हे ठरलं आहे, कारण हे आहे. लोक रागावतील पण पुढच्या वेळी खरं लिहितील.

निर्णय झाल्यावर रजिस्टरमध्ये काय लिहायचं?

"सर्वानुमते मंजूर" एवढंच लिहू नका. काय ठरलं, कोणते पर्याय होते, हाच का घेतला, कोणाचा काय आक्षेप होता (त्याची परवानगी असेल तर नावासकट), कोण करणार, कधीपर्यंत, आणि काय झालं तर हा निर्णय परत उघडायचा. शेवटचं कोणीच लिहीत नाही. सोलरवाल्या फ्लॅट स्कीमने ते असं लिहिलं होतं: "सलग सहा महिने कॉमन बिल अर्ध्यापेक्षा कमी झालं नाही तर विषय पुन्हा घ्यायचा. वाळवणासाठी पूर्वेकडची जागा मार्च ते मे मोकळी राहील, तिथे कोणीही काही ठेवणार नाही." खाली सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि पानाचा फोटो त्याच रात्री ग्रुपवर टाका.